एकशे बारा सेंटिमीटर सूत

दुकानात मी रायफल नेली नाही,
सूत नेलं.
नळीच्या टोकापासून दस्त्याच्या रबरापर्यंत
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजून तोडलेलं,
आणि दुर्बीण बसते तिथे
एक गाठ.
उघडी रायफल घेऊन बसमध्ये चढता येत नाही
आणि खोळ तर अजून घ्यायचीच होती.

तौनोने सूत काउंटरवर ताणलं,
गाठीवर बोट ठेवून म्हणाला,
"विल्होची. ती जुनी."
सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस.
इलोमन्त्सीत तसंही
शेजाऱ्याच्या बायकोचं नाव एखाद्याला आठवणार नाही,
बंदूक आठवते.

त्याने तीन खोळी मांडल्या.
चौथी, दोन रायफलींची, मी मांडूच दिली नाही.
एका म्यानात दोन तलवारी,
आणि आमच्याकडे तर
एकच उरली होती, तीही जायची.

"हातमोजे घालूनच उघड," तो म्हणाला,
"नोव्हेंबरात उघडी बोटं कुणाची असतात?"
एकोणीस युरोवालीची चेन
वळणापर्यंत गुमान आली आणि तिथे रुसली.
आतला स्पंज अंगठ्याखाली दबला
तो दबलेलाच राहिला.
चामड्याच्या खोळीकडे मी नुसतं पाहिलं.
तिने माझ्याकडे तेवढंही केलं नाही.

तिसरी शेवाळी कॅनव्हासची, त्रेपन्न युरो.
पट्टा काठाला टाचलेला नाही,
पोटाखालून अख्खा वळसा घालून परत आलेला.
नळीच्या टोकाशी चामड्याचं ठिगळ,
कारण दमला की माणूस
रायफल नाकावरच उभी करतो.
सूत आत सोडलं :
गाठ बरोबर जाड गादीखाली,
पुढे चार बोटं मोकळी.

"रात्रभर आत ठेवायची नाही," तौनो म्हणाला,
"कापड घाम धरतं, लोखंड गंजतं.
घरी आलं की आधी बाहेर काढायची.
किती वर्षं वापरणार?"

"एक दिवस."

त्याने सूत गुंडाळायला घेतलं होतं, थांबला.
मग मी सांगितलं.
मागच्या हंगामात, पहाटे,
वडिलांनी बर्चच्या झाडाशी उभ्या असलेल्या
स्वतःच्याच सायकलीवर नेम धरला होता.
हँडल म्हणजे शिंगं.
झाडली नाही.
घरी आले, बोल्ट काढला,
भाकरी द्यावी तसा माझ्या हातात दिला
आणि तोंड धुवायला गेले.
शुक्रवारी जोएन्सूला, पोलिसांकडे जमा करायची.
बसने. सत्तर किलोमीटर.

तौनो सचोटीचा. त्याने एकोणीसवाली पुढे सरकवली.
"एका दिवसाला ही पुरे. चेन मी मेण लावून देतो."

पुरली असती.
पण वडील सोबत येणार होते,
खोळ त्यांच्याच मांडीवर असणार होती,
आणि डोळ्यांचं सोडा,
त्यांच्या अंगठ्याला अजून सगळं दिसतं.

शुक्रवारी बस तळ्याकाठून वळली
तेव्हा त्यांनी चेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
बोटाने वाचली.
पट्ट्याचा वळसा शोधून काढला.
पुढचं ठिगळ नखाने खरवडलं.
समोरच्या बाकावरचं मूल टक लावून बघत होतं,
त्याच्या आईने त्याचं डोकं खिडकीकडे वळवलं.

"कितीला?"

"एकोणीस," मी म्हटलं.

बराच वेळ काही नाही.
दोन थांबे गेले.
खोळीवर हात तसाच,
झोपलेल्या कुत्र्यावर असावा तसा.

"मग तौनो बुडाला," वडील म्हणाले.